कुडा, बेल, पेरू आणि पोटातली लढाई

पावसाळा सुरू झाला की आपल्या हॉस्टेलात दोन गोष्टी हमखास होतात. लाईट जाते आणि कोणाचं ना कोणाचं पोट बिघडतं. लाईटची तक्रार निदान रजिस्टरमध्ये तरी लिहिली जाते. पोटासाठी मात्र आपला इलाज ठरलेला आहे. मेडिकलमध्ये जाऊन "जुलाबाची गोळी द्या" म्हणायचं, दोन गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं की उरलेली पट्टी शेजारच्या रूमला दान करायची!

गेल्या जुलैत माझ्या विंगमधल्या एका मित्राला अशा गोळ्या लागूच पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सलाईन लावावं लागलं. शौचाची तपासणी केली तेव्हा कळलं, की तो घेत होता त्या अँटिबायोटिकला जंतू दादच देत नव्हता. डॉक्टरांनी औषध बदललं, तो बरा झाला, पण दोन पेपर बुडाले.

ही बातमी माझ्यामार्फत केळशीला पोचली. केळशी म्हणजे दापोली तालुक्यातलं आमचं समुद्रकाठचं गाव. फोनवर आजीचा एकच प्रश्न, "कुड्याची साल पाठवू का रे?" आमच्याकडे जुलाबावर कुड्याची साल ताकात उगाळून देतात. सहाणेवर सुंठ आणि जायफळही असतंच. मी पडलो केमिकलचा विद्यार्थी. जिथे कारखान्यातली औषधं हरतात तिथे झाडाची साल काय करणार, हा प्रश्न डोक्यात बसला. वाचून जे हाती लागलं ते इथे मांडतो.

जंतू कॉपी करतात!

अँटिबायोटिक जंतूला मारतं किंवा त्याची वाढ थांबवतं. लाखो जंतूंपैकी एखाद्याजवळ बचावाची युक्ती असते. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं. युक्त्या मुख्यतः तीन. औषध तोडून टाकणारं एन्झाइम बनवायचं, औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलायची, किंवा आत शिरलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी आपण मोटार लावून काढतो, तसंच.

खरी गंमत पुढे आहे. जपानमध्ये 1950 च्या दशकात आमांशाचे शिगेला जंतू एकाच वेळी अनेक औषधांना जुमानेनासे झाले. 1959 साली तिथल्या संशोधकांनी दाखवलं, की ही शक्ती एका जंतूकडून दुसऱ्याकडे सरळ हस्तांतरित होते. प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर हा मजकूर असतो. एकाने असाइनमेंट लिहिली की रात्रीत सगळ्या मजल्यावर पोचते ना? अगदी तोच प्रकार. आणि आतडं म्हणजे जंतूंचं सगळ्यात गजबजलेलं हॉस्टेल! आपण विनाकारण घेतलेली गोळी तिथल्या निरुपद्रवी जंतूंनाही हे धडे देते.

मारायचं की हत्यार काढून घ्यायचं?

मुंबईत वरळीला फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च ही संस्था आहे. कुष्ठरुग्णांवरच्या शस्त्रक्रियांसाठी प्रसिद्ध असलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी ती 1975 मध्ये सुरू केली. तिथे डॉ. तन्नाझ बिर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाबावरच्या घरगुती वनस्पती प्रयोगशाळेत तपासल्या.

2009 साली कच्च्या बेलफळाच्या काढ्यावरचा त्यांचा निबंध आला. त्यात एक चकित करणारी गोष्ट आहे. जुलाब करणाऱ्या बॅक्टेरियांना हा काढा फारसा मारत नव्हता. कोणी म्हणेल, मग औषध फेल! पण त्यांनी पुढची पायरी तपासली. जुलाब होण्यासाठी जंतूने नुसतं आतड्यात असून भागत नाही. त्याला पेशीला चिकटावं लागतं, कधी आत घुसावं लागतं, विष तयार करावं लागतं आणि ते विष पेशीवरच्या ठराविक जागी बसावं लागतं. कॉलऱ्याचं विष तिथे बसलं की पेशीतून क्षार आणि पाणी बाहेर वाहू लागतं, जणू टाकीचा कॉक कोणी उघडाच ठेवला. बेलाच्या काढ्यामुळे जंतूंचं चिकटणं आणि घुसणं कमी झालं, कॉलऱ्याच्या विषाची निर्मिती आणि त्याचं पेशीला जोडलं जाणंही घटलं.

म्हणजे शत्रू जिवंत, पण हातातली तलवार गेली! रेझिस्टन्सच्या दृष्टीने ही कल्पना मोलाची आहे. औषध जंतूला मारत नसेल, तर फक्त रेझिस्टंट जंतूच मागे उरावेत असा दबावही कमी पडावा, ही त्यामागची अपेक्षा.

पेरूच्या पानांवरचं त्यांचं काम 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. पानांत क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य असतं. पण एकटं क्वेर्सेटिन काढ्याची सगळी कामं करू शकलं नाही. काढ्यात अनेक द्रव्यं मिळून काम करत असावीत. असंच उदाहरण अमेरिकेतलं. 2000 साली तिथल्या संशोधकांना दारुहळदीच्या कुळातल्या झुडपांत दोन द्रव्यं एकत्र सापडली. एक जंतूंवर हल्ला करणारं बर्बेरिन आणि दुसरं जंतूचा तो बाहेर फेकणारा पंपच बंद पाडणारं! तो प्रयोग पोटातल्या नव्हे, तर पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूवर होता. पण कल्पना बघा किती सुंदर आहे.

पण थांबा!

हे वाचून कोणी लगेच पेरूच्या झाडावर चढू नये. काचेच्या भांड्यातला निकाल आणि माणसाच्या पोटातला निकाल यांत मोठं अंतर असतं. पेरूच्या पानांनी त्यातलं थोडं अंतर कापलं आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 109 प्रौढ रुग्ण होते. ओआरएस सगळ्यांनाच दिलं. सोबत दहा पानांचा काढा दिवसातून तीनदा घेणारे सुमारे तीन दिवसांत पूर्ववत झाले, नुसत्या ओआरएसवाल्यांना पाच दिवस लागले. मात्र ही चाचणी साध्या तीव्र जुलाबावरची होती. रेझिस्टंट जंतूंचा आजार काढ्याने बरा होतो हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

कुड्याची गोष्ट आणखी नाजूक. औषधी तो पांढरा कुडा. त्याच्यासारखाच दिसणारा काळा कुडाही रानात असतो आणि बाजारात साली मिसळतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाला जुळलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. बियाही वेगळ्या, पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोडे. सालीचा तुकडा हातात घेऊन हे कसं ओळखणार? शिवाय साल ओरबाडली की झाड मरतं, पानं तोडली तर पुन्हा येतात.

म्हणून पहिलं औषध ओआरएसच. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला सुरुवात केली आणि सुमारे 30 टक्के असलेला मृत्युदर 3.6 टक्क्यांवर आला. ग्लुकोज आणि सोडियम आतड्यात जोडीने शोषले जातात, पाणी त्यांच्यामागून जातं. जंतू रेझिस्टंट असो वा नसो, हा रस्ता उघडा राहतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शौचातून रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, पाणीही न टिकणं, यातलं काहीही दिसलं तर काढा नको आणि मेडिकलवाल्याचा सल्लाही नको. थेट डॉक्टर.

आपण काय करायचं?

एक तर उरलेल्या गोळ्या वाटणं आजपासून बंद. रेक्टर सरांना विनंती, की ऑफिसात ओआरएसची पाकिटं ठेवावीत आणि जूनच्या आधी टाकी धुवावी. दुसरं, आपल्या शाखेचं काम. एका झाडाचा काढा दुसऱ्यासारखा नसतो. ऋतू बदलला, जमीन बदलली, उकळण्याचा वेळ बदलला की अर्कही बदलतो. दर वेळी तोच अर्क, तेवढ्याच ताकदीचा मिळवणं हा एक्स्ट्रॅक्शन आणि क्वालिटी कंट्रोलचा प्रश्न आहे आणि तो आपल्या सिलॅबसमध्येच आहे! बी.ई.च्या प्रोजेक्टसाठी विषय मिळत नाही म्हणून रडणाऱ्यांनी इकडे जरूर लक्ष द्यावं.

आजीला मी कळवलंय, "साल नको, झाड राहू दे." त्यावर ती म्हणाली, "मग पाणी तरी उकळून पी." मित्रांनो, इतकं वाचून मीही शेवटी तिथेच येऊन पोचलो आहे!