साठवणपेटीचे फर्मवेअर बदलण्यापूर्वी

पुण्याच्या नारायण पेठेत अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि प्रकाशन हे व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या घरातूनच चालत आले आहेत, आणि टिळकांनी १९०५ मध्ये गायकवाड वाडा विकत घेऊन ‘केसरी’चा कारभार तेथे आणल्यानंतर छपाईशी जडलेले या पेठेचे नाते, वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या तरी, पुरते सुटलेले नाही. अशा घरांत पेजमेकरच्या जुन्या फाइली, श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेला मजकूर आणि मुखपृष्ठांच्या मूळ प्रती यांचा साठा बहुधा एखाद्या ‘नॅस’वर, म्हणजे घरातील सर्व संगणकांना राउटरमार्फत एकाच वेळी उपलब्ध होणाऱ्या एक-दोन हार्ड डिस्कच्या पेटीत, ठेवलेला आढळतो. ही पेटी दिसायला साधी असली तरी प्रत्यक्षात तो एक लहान संगणक असतो, आणि त्याला चालवणारी, त्याच्या फ्लॅश स्मृतीत कायमची लिहून ठेवलेली जी आज्ञावली असते तिलाच फर्मवेअर म्हणतात.

अडचण अशी की हार्ड डिस्क बदलत राहिल्यास पेटी दहा-पंधरा वर्षे चालते, परंतु उत्पादक तिचे फर्मवेअर सुधारत राहण्याची जबाबदारी त्याच्या पुष्कळ आधीच सोडून देतो. वेस्टर्न डिजिटलच्या ‘माय बुक लाइव्ह’ या पेट्यांना २०१५ नंतर नवे फर्मवेअर मिळाले नव्हते, आणि जून २०२१ मध्ये इंटरनेटवरून आलेल्या हल्ल्यात जगभरातील अनेक मालकांचा साठा एका रात्रीत पुसला गेला. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या डीएनएस-३२०एल, डीएनएस-३२५ आदी पेट्यांत, परवलीचा शब्द न विचारता आत घेणारे एक खाते कारखान्यातूनच ठेवलेले असल्याचे उघड झाले, तेव्हा या उत्पादनांचा आधार संपलेला असल्याने दुरुस्ती मिळणार नाही, त्या वापरातून काढाव्यात, असे कंपनीने कळवले. याखेरीज एक कमी नाट्यमय कारणही आहे: जुन्या पेट्या फाइल-देवाणघेवाणीचा ‘एसएमबी-१’ हा नियमसंच वापरतात, आणि मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूनंतर त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या शरदातील आवृत्तीपासून तो मुळातच बसवला जात नाही, त्यामुळे नवा संगणक घेतला की चांगली चालती पेटी अचानक दिसेनाशी होते.

येथे मुक्त फर्मवेअरचा मार्ग पुढे येतो. या पेट्यांच्या आत बहुधा लिनक्स असते, आणि लिनक्सचा परवाना विक्रेत्यावर मूळ आज्ञावली खुली करण्याचे बंधन घालतो. हे बंधन न्यायालयात टिकते हे दाखवून देणाऱ्या आरंभीच्या निकालांपैकी एक, फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने ६ सप्टेंबर २००६ रोजी लिनक्सचे एक प्रोग्रामर हाराल्ट वेल्टे यांच्या बाजूने दिलेला, डी-लिंकच्या डीएसएम-जी६०० या साठवणपेटीसंबंधीच होता, ही गोष्ट या विषयाच्या जाणकारांनाही अनेकदा ठाऊक नसते. खुल्या झालेल्या अशा आज्ञावलीच्या आधारे हौशी प्रोग्रामरांनी पर्यायी फर्मवेअर रचली. लिंक्सिसच्या एनएसएलयू-२ या २००४ मधील इवल्याशा यंत्रासाठी ‘अनस्लंग’, तर डी-लिंकच्या डीएनएस-३२३ आणि तिच्या भावंडांसाठी ‘ऑल्ट-एफ’ ही त्यांतली परिचित नावे आहेत. मात्र ऑल्ट-एफ हे प्रामुख्याने एकाच व्यक्तीच्या, जुआंव कार्दोझो यांच्या, श्रमाचे फळ आहे. ज्या दिवशी अशी व्यक्ती थकते किंवा तिचे मन दुसरीकडे वळते, त्या दिवशी मुक्त फर्मवेअरही जुने होऊ लागते, हे पत्करूनच या वाटेला जावे.

पेठेतील एका जुळणीकाराच्या घरी जे घडले ते या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथील पेटीत दोन डिस्क ‘रेड-१’ पद्धतीने, म्हणजे एकीवर लिहिलेले जसेच्या तसे दुसरीवर उमटेल अशा आरसारचनेत, बसवलेल्या होत्या, आणि दोन प्रती आहेत या भरवशावर तिसरी कोठे ठेवलेली नव्हती. घरातील तरुण मुलाने नवे फर्मवेअर चढवले, ते नीट चढलेही. पण पेटी सुरू झाल्यावर एका डिस्कवर कित्येक महिन्यांपूर्वीच्याच फाइली दिसू लागल्या आणि दुसरी डिस्क न ओळखलेली म्हणून वेगळी दाखवली गेली. वस्तुस्थिती अशी होती की आरसारचना फार पूर्वीच तुटलेली होती, तिचा इशारा देणारा पिवळसर दिवा पेटीची पाठ भिंतीकडे न करता तोंडच भिंतीकडे केल्यामुळे कोणाला दिसत नव्हता, आणि ताजे काम केवळ त्या ‘न ओळखलेल्या’ डिस्कवरच होते. डिस्क ‘तयार करून’ रचना पुन्हा जोडावी या हेतूने पडद्यावरील बटण दाबले गेले आणि ताजी डिस्क पुसली गेली. मधल्या काळातील पुस्तके छापखान्याला मेलने पाठवलेल्या पीडीएफ प्रतींतून परत मिळाली खरी, परंतु जुळणीच्या मूळ फाइली गेल्याने पुढच्या आवृत्तीत एक काना दुरुस्त करण्यासाठीही पान नव्याने जुळवणे भाग पडले.

यावरून दिसते की फर्मवेअर बदलताना सर्वांत जपण्याची वस्तू पेटी नव्हे. पेटी जुन्या बाजारात किरकोळ किमतीला दुसरी मिळते. म्हणून कामाचा आरंभ पेटीपासून न करता साठ्यापासून करावा. आरसारचना शाबूत आहे की नाही हे दिव्यावर न विसंबता पेटीच्या स्थितिपृष्ठावर किंवा लिनक्सच्या ‘एमडीस्टॅट’ या नोंदीत पाहावे. तेथे चौकटी कंसात दोन ‘यू’ अक्षरे असल्यास दोन्ही डिस्क रचनेत आहेत, आणि एका ‘यू’शेजारी नुसती आडवी रेघ असल्यास एक बाहेर पडली आहे, असे समजावे. त्यानंतर सर्व साठ्याची स्वतंत्र प्रत वेगळ्या यूएसबी डिस्कवर घ्यावी, त्या प्रतीतील दहा-वीस फाइली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या भागातील नातलगाच्या वरच्या मजल्यावर ठेवावी. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले तेव्हा मुठेकाठच्या पेठांत कागदपत्रांची काय दशा झाली हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही, आणि खडकवासल्यातून पाणी सोडले की मुठेवरचा भिडे पूल आजही बुडतो. फर्मवेअर चढवताना तर मूळ डिस्क बाहेर काढून एखादी रिकामी जुनी डिस्क आत ठेवावी हे उत्तम, कारण जी डिस्क पेटीत नाही ती चुकून पुसली जाऊ शकत नाही.

प्रत्यक्ष चढवण्यापूर्वी पेटीच्या बुडाचे लेबल वाचावे. एकाच नावाच्या पेटीच्या ए-१, बी-१, सी-१ अशा निरनिराळ्या हार्डवेअर आवृत्त्या असतात व एकीसाठीची फाइल दुसरीला चालेलच असे नाही. काही फर्मवेअर, त्यांत ऑल्ट-एफही आले, फ्लॅश स्मृतीत न लिहिता तात्पुरते चालवून पाहण्याची सोय देतात, ती असल्यास टाळू नये. लिहिण्याचे काम काही मिनिटांचेच असले तरी त्या मिनिटांत वीज गेली तर पेटी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकते, म्हणून पेटी इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर घ्यावी, आणि वाय-फायऐवजी केबल वापरावी. पेटी तरीही अडकलीच तर सर्वस्व संपले असे मानू नये: पेटी जागी करणारी ‘यू-बूट’ ही आरंभीची छोटी आज्ञावली फ्लॅशच्या वेगळ्या भागात असते, सामान्य बदलात ती पुसली जात नाही, आणि सर्किटवरील सिरिअल जोडणीतून तिच्याशी बोलता येते. यासाठी लागणारी यूएसबी-टीटीएल केबल तपकीर गल्लीत मिळते, ती ३.३ व्होल्टची असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी, कारण ५ व्होल्टच्या केबलने चिप जळू शकते.

नवी प्रणाली सुरू झाल्यावर डिस्कची तपासणी आपोआप चालू होते, आणि डीएनएस-३२३ सारख्या, अवघ्या ६४ मेगाबाइट कार्यस्मृतीच्या पेटीत ती टेराबाइटच्या डिस्कला तासन्‌तास घेते. या काळात पेटी ‘हँग’ झाली असे समजून बटण दाबणारे पुष्कळ असतात. मराठी नावांच्या फाइलींकडेही वेगळे लक्ष द्यावे लागते. लिनक्सच्या बहुतेक डिस्करचनांत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे ‘क्षेत्र’ या एका शब्दाचे २१ बाइट होतात आणि एकूण ८५ चिन्हांपलीकडे नाव जाऊ शकत नाही. विंडोजवर चाललेले लांबलचक नाव येथे नाकारले जाते. जुन्या फर्मवेअरने नावे वेगळ्या संकेतपद्धतीत लिहिली असल्यास ती प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखी दिसतात. फाइल त्याने बिघडत नाही, आणि ‘कन्व्हएमव्ही’सारखे साधन नावे पूर्ववत करू शकते, मात्र हा प्रयोग प्रतीवर करावा.

तांत्रिक भागाइतकाच घरगुती भाग महत्त्वाचा आहे. या पेठांत पेटी बसवणारा मुलगा अनेकदा पुढे बोस्टनला किंवा बंगळुरूला जातो आणि पेटी आईवडिलांकडे राहते. तेथून ती सांभाळता यावी म्हणून राउटरचे दार इंटरनेटवर उघडे ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय होय, कारण ‘माय बुक लाइव्ह’वरचा हल्ला याच दारातून आला. पुष्कळ इंटरनेट सेवादाते आता अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे ते दार उघडता येतही नाही. ही अडचण न मानता उपकारच मानावा. दुरून येणे आवश्यकच असेल तर ‘वायरगार्ड’सारख्या सांकेतिक खासगी वाटेने यावे, आणि ती वाट जुन्या पेटीवर न बसवता नियमित सुधारणा मिळणाऱ्या वेगळ्या यंत्रावर बसवावी. प्रशासकाचे परवलीचे शब्द, डिस्कचा क्रम, कोणती डिस्क कोणत्या कप्प्यात होती हे मराठीत, कागदावर, घरातील दुसऱ्या माणसाला कळेल असे लिहून ठेवावे.

ज्या पेटीची कार्यस्मृती १२८ मेगाबाइटपेक्षा कमी आहे, तिच्यावर हा खटाटोप केवळ शिकण्यासाठीच करावा. ज्यांना फक्त साठा सुरक्षित हवा आहे त्यांनी घरातील निवृत्त डेस्कटॉपवर डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारित ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ बसवून त्यात नव्या डिस्क घालाव्यात. वीज थोडी जास्त लागते, पण तेथे फर्मवेअर अडकण्याचा प्रश्नच राहत नाही, बिघडलेला सुटा भाग जवळच्या दुकानात मिळतो, आणि सुधारणा एखाद्या हौशी प्रोग्रामरच्या सवडीवर अवलंबून नसून डेबियनच्या नेहमीच्या वाटेने येत राहतात.