दिवा : एक शब्द, अनेक अर्थ

ठाण्याहून लोकलने कल्याणकडे जाताना मुंब्र्यानंतर दिवा हे स्थानक लागते. ठाणे ते कल्याण हा लोहमार्ग १८५४ साली सुरू झाला. आज दिवा हे जंक्शन आहे. येथून एक फाटा वसईकडे जातो व दुसरा पनवेलकडे. फलाटावर उभे राहिले, तर गाडी कुठली आहे हे पाहूनच चढावे लागते. शब्दांचेही तसेच आहे. 'दिवा' हाच शब्द पाहा.

मराठीत दिवा म्हणजे उजेड देणारी वस्तू. उर्दूत तुम्ही तिला 'चिराग' किंवा 'दिया' म्हणता. दिवा आणि दिया हे जणू सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ संस्कृत 'दीप' या शब्दात आहे. मात्र उर्दूत 'दिया' म्हणजे 'दिले' असाही अर्थ होतो. 'उस ने दिया दिया' या वाक्यात पहिला दिया ही वस्तू आहे, दुसरा ही क्रिया आहे. मराठीत आपण 'त्याने दिवा दिला' असे म्हणतो.

संस्कृतात 'दिवा' म्हणजे दिवसा. म्हणून सूर्याला दिवाकर म्हणतात. मराठीत घुबडाला 'दिवाभीत' असे एक नाव आहे. घुबड दिव्याला भिते असा त्याचा अर्थ नव्हे. ते दिवसाला भिते!

स्थानकाच्या पाटीवरील इंग्रजी अक्षरे इंग्रज माणसाने वाचली, तर त्याला नामवंत गायिका आठवेल. इंग्रजीत हा शब्द इटालियन भाषेतून आला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'देवी' असा होता. आपल्या 'देव' शब्दाशी त्याचे नाते आहे.

एकाच भाषेतही अर्थ बदलतो. निकालाच्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "काय दिवे लावलेस?" तर ती शाबासकी समजू नका. तो टोमणा आहे.

असा गैरसमज हसण्यावारी जातो. पण प्रत्येक वेळी तसे होत नाही. 'खून' हा शब्द घ्या. तो मूळचा फारसी. फारसीत आणि उर्दूत खून म्हणजे रक्त. मराठीत मात्र खून म्हणजे माणसाची हत्या. समजा, अपघातात कोणी जखमी झाले आणि तुम्ही घाबरून मराठीत सांगितले, "इथे खून झाला आहे!" तर ऐकणारा डॉक्टरांऐवजी पोलिसांकडे धाव घेईल. अशा वेळी "खूप रक्त वाहत आहे" असेच सांगावे. रुग्णालयातही "मला रक्त द्यायचे आहे" असे म्हणावे.

म्हणून ओळखीच्या शब्दांना भ्यायचे का? मुळीच नाही. फारसीमार्गे आलेले कितीतरी शब्द मराठीत आहेत. १९२५ साली माधवराव पटवर्धन यांचा 'फार्शी-मराठी कोश' प्रसिद्ध झाला. हेच पटवर्धन 'माधव जूलियन' या नावाने कवी म्हणून प्रसिद्ध आहेत. वकील, दुकान, कागद हे शब्द मराठीत आणि उर्दूत एकाच अर्थाने चालतात. त्यामुळे मराठीची बरीच वाट तुमच्या पायाखालची आहे. ओळखीचा शब्द भेटला की आनंदाने थांबा. पण आधी शेजारचे शब्द वाचा आणि मगच अर्थ ठरवा. शंका आली तर कोश उघडा.

शब्दार्थ
फाटा – शाखा. टोमणा – ताना. हसण्यावारी जाणे – गंभीर न मानले जाणे. पायाखालची वाट – माहितीची वाट.

स्वाध्याय
१. 'दिवाभीत' या शब्दाचा अर्थ सांगा.
२. अपघाताच्या वेळी 'खून' हा शब्द मराठीत का वापरू नये?
३. पुढील शब्दांचे उर्दू व मराठी अर्थ लिहा : ताक, आई, कल.
४. दोन्ही भाषांत एकच अर्थ असलेले पाच शब्द घरच्या माणसांना विचारून लिहा.