लाइन मोठी, तरी नक्कल मागे का?

आज अनेक कंपन्यांचे सर्व्हर व्हर्च्युअल मशीनवर चालतात. म्हणजे अख्खा सर्व्हर हा शेवटी डिस्कवरच्या काही फाइल्स असतो. त्यांची ताजी नक्कल दुसऱ्या गावातल्या डेटा सेंटरमध्ये ठेवत राहणे म्हणजे रेप्लिकेशन. पूर आला, आग लागली, तर तिकडची नक्कल सुरू करायची. पण नक्कल पंधरा मिनिटे मागे असेल, तर पंधरा मिनिटांचे व्यवहार गेलेच! ती मागे पडू लागली की सगळे म्हणतात, "बँडविड्थ वाढवा." हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. का ते पाहू.

१) किती डेटा बदलतो?
पहिल्यांदा पूर्ण डिस्क पाठवावी लागते. १०० एमबीपीएसच्या लाइनवरून २ टीबी जायला साधारण ४४ तास लागतात. म्हणून कधीकधी पहिली कॉपी हार्ड डिस्कवर घेऊन सरळ गाडीने पाठवतात. पुढे फक्त बदललेले ब्लॉक जातात. मित्राच्या जर्नलमधली नवी पानेच आपण उतरवतो ना, तसेच!
हीच लाइन तासाला जास्तीत जास्त ४५ जीबी नेते. गर्दीच्या वेळी तासाला ६० जीबी बदलत असेल, तर दिवसाची सरासरी कमी असूनही नक्कल तेव्हा मागे पडणारच. त्यातले काही बदल तर फुकटचे असतात. डीफ्रॅग चालवले की माहिती तीच राहते, पण ब्लॉक हलतात आणि पुन्हा पाठवले जातात. पेज फाइल वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर ठेवून ती डिस्क वगळली, तरी ओझे कमी होते.

२) अंतर किती?
फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो. मुंबई-चेन्नई सरळ अंतर हजार किमीच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलीसेकंद. केबलची वळणे आणि राउटर धरून २० समजू. टीसीपीची विंडो ६४ केबीच असेल, तर तेवढे पाठवून पोच येईपर्यंत थांबावे लागते. मग १ जीबीपीएसच्या लाइनवरही एका कनेक्शनला जेमतेम २६ एमबीपीएस मिळतात! विंडो मोठी करणे किंवा एकाच वेळी अनेक कनेक्शन्स वापरणे, हा त्यावर उपाय. पॅकेट हरवत असतील तर टीसीपी वेग आणखी कमी करतो.
प्रत्येक राइटला पलीकडून पोच येईपर्यंत थांबले, तर नुकसान शून्य. पण लांबवर ते परवडत नाही. म्हणूनच शेअर बाजारांसाठी सेबीच्या मार्च २०२१ च्या नियमांत शून्य नुकसानासाठी जवळची 'नियर साइट' आणि संकटासाठी दूरची साइट, अशा वेगवेगळ्या जागा आहेत.

३) पलीकडची डिस्क
आलेला डेटा तिकडच्या डिस्कवर लिहावाही लागतो. तिथे जुनी, हळू स्टोरेज असेल तर लाइन रिकामी आणि काम तुंबलेले, असा प्रकार होतो. कॉम्प्रेशनने पाठवायचा डेटा घटतो, पण प्रोसेसरवर भार येतो. आणि आधीच एन्क्रिप्ट केलेला डेटा फारसा आकसत नाही.

थोडक्यात, बदलाचा वेग, अंतर आणि पलीकडची डिस्क, यांतली सर्वांत अरुंद जागा शोधा. आठवडाभर आकडे घ्या, गर्दीचा तास बघा. मोठ्या लाइनचे पैसे त्यानंतर.