मुंबई-कोलकाता : अंतर एक, वेळा दोन

मुंबई-कोलकाता विमानांचे हिवाळ्यातील वेळापत्रक काढून पाहा. जाण्यापेक्षा परत येण्यास बहुधा जास्त वेळ दिलेला आढळेल. अंतर तर तेच! मग असे का?

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून’, असे कोणी चटकन सांगेल. पण तसे असते, तर पूर्वेकडचे कोलकाता विमानापुढे पळत राहिले असते आणि जातानाच जास्त वेळ लागला असता. खरे म्हणजे पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते. कारण दुसरेच आहे.

प्रथम अंतर काढू. दोन्ही शहरांच्या अक्षांशांत सुमारे ३.६ अंशांचा आणि रेखांशांत १५.६ अंशांचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किमी. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून २१ अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १११ × कोज्या २१°, म्हणजे सुमारे १०४ किमी भरतो. यावरून उत्तरेकडे ४०० किमी आणि पूर्वेकडे १,६२० किमी अशा काटकोन त्रिकोणाच्या दोन भुजा मिळतात. पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण येतो सुमारे १,६७० किमी.

आता वेळ. हिवाळ्यात उत्तर भारतावर सुमारे १२ किमी उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट वारे वाहतात. त्यांच्या दक्षिणेकडील पश्चिमी वारेही या मार्गावर जाणवतात. प्रवाहातील होडीप्रमाणे विमानाचा वेग हवेच्या सापेक्ष असतो. जमिनीवरील अंतर कापताना वाऱ्याचा वेग त्यात मिळवावा किंवा वजा करावा लागतो.

समजा, विमानाचा वेग ताशी ८०० किमी आणि वाऱ्याचा १०० किमी आहे. (धावपट्टीवरचा व चढण्या-उतरण्याचा वेळ सोडून देऊ.)

जाताना : १,६७० ÷ ९०० = १ तास ५१ मिनिटे
येताना : १,६७० ÷ ७०० = २ तास २३ मिनिटे
एकूण : ४ तास १४ मिनिटे

वारा नसता, तर दोन्ही फेऱ्यांना मिळून ४ तास १० मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना मिळालेला फायदा येतानाच्या तोट्याला पुरा पडत नाही! कारण साधे आहे : मदत करणारा वारा १११ मिनिटेच मदत करतो, अडवणारा मात्र १४३ मिनिटे अडवतो. म्हणून सरासरी वेग ८०० नसून सुमारे ७८८ येतो. वाऱ्याचा वेगही ८०० झाला, अशी कल्पना करा. जाणे तासाभराचे, पण परतीचे विमान जागच्या जागीच राहील!

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. ‘सरासरीने भागेल’ असे मानून परतीचे इंधन भरले, तर ते अपुरे पडेल. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी वरच्या वाऱ्यांचा अंदाज घेऊन इंधनाचा हिशेब करतात आणि वर राखीव साठाही ठेवतात.

स्वाध्याय : वाऱ्याचा वेग ताशी २०० किमी धरा. ४ मिनिटांचा तोटा दुप्पट होतो की त्याहून अधिक? (उत्तर : सुमारे चौपट.)