जुने कडबा-कुट्टी यंत्र : दुरुस्त करावे की नवे घ्यावे?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात रब्बी ज्वारीचा कडबा हा गुराढोरांचा मोठा आधार आहे. कुट्टी यंत्र कडबा कापण्याऐवजी चेंगरू लागले, म्हणजे ते निकामी झाले असे समजू नये. वीज तोडून प्रथम पात्यांस धार लावावी; पाती व समोरील स्थिर पट्टी यांमधील फट कमी करावी. झिजलेली पाती, बुश व बोल्ट अल्प खर्चात बदलता येतात. परंतु पाती बसविलेले बिडाचे चाक तडकले असल्यास ते सांधून वापरू नये. वेगात फुटल्यास जिवावर बेतते. अशा वेळी, अथवा दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीहून अधिक होत असल्यास, नवे यंत्र घ्यावे. चाकावर आवरण असलेले आणि चारा सारताना हात रुळांपर्यंत पोचणार नाहीत असेच यंत्र निवडावे.