टाकीतला गंज

राळेगणसिद्धी, ता. पारनेर

चि. बाळूस,


नानांची राजदूत मोटरसायकल तू गोठ्यातून बाहेर काढलीस हे ऐकून घरात सगळ्यांना आनंद झाला. आता तू म्हणतोस, गाडी चालू होते, फाट्यापर्यंत जाते आणि चढ आला की दम टाकते. कार्बोरेटर उघडून जेट फुंकला की परत पळते, दोन दिवसांनी पुन्हा तेच. फोनवर सांगितलेलं तू अर्धं ऐकतोस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो.

जेटमध्ये अडकणारा तो विटकरी गाळ कार्बोरेटरचा नाही, टाकीतला आहे. पाणलोटाचं काम माथ्यावरून पायथ्याकडे करायचं असतं, हे आपल्या गावच्या पोराला मी सांगायला नको. 1975 नंतर अण्णा हजारेंनी इथं काम सुरू केलं तेव्हा डोंगरावरची माती थांबवल्याशिवाय खालच्या बांधाला अर्थ नव्हता. तू पायथ्याचा बांध उपसत बसला आहेस. आधी टाकी खाली उतरव.

उतरवायच्या आधी पेट्रोल काढून घे, पण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते हे ध्यानात ठेव. भरलेल्या टाकीत वाफेला जागा नसते. रिकामीत ती हवेत मिसळून बसते, आणि हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी दडून राहते. बर्फ गोठेल अशा थंडीतही पेट्रोलची वाफ पेट घेते, मग आपल्याकडच्या उन्हाचं काय सांगू! म्हणून काडी नाही, विडी नाही, ग्राइंडर नाही. कपडे धुण्याची पावडर आणि गरम पाणी घालून खळखळून धू. वास जाईपर्यंत धू, मग तोंड उघडं ठेवून उन्हात पडू दे. धुतलेलं पाणी डब्यात धर, त्याचं पुढे सांगतो.

आता बॅटरीच्या उजेडात आत बघ. राजदूतच्या टाकीला मधोमध फ्रेमच्या नळीसाठी खाच आहे आणि दोन्ही बाजूंना दोन पोटं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते या पोटांत साचतं, म्हणून गंज तिथं सर्वांत जास्त असतो. नुसती लाल भुकटी असेल तर काम सोपं. पापुद्रे सुटत असतील तर वेळ लागेल. बाहेरून तळाच्या जोडावर रंग फुगलेला दिसला तर तिथं अंगठ्यानं दाबून बघ. पत्रा दबला तर तो आतून संपला आहे, आणि तिथं कुठलंही ॲसिड उपयोगाचं नाही.

पापुद्र्यांसाठी सायकलची जुनी चेन आत सोड, थोडं पाणी घाल आणि टाकी सगळ्या बाजूंनी हलव. काही जण नट टाकतात. टाकायचेच तर मोजून टाक आणि मोजून काढ. एक जरी नट खाचेच्या मागं अडकला तर पुढची दहा वर्षं गाडी वाजत राहील. चेन निदान एका तुकड्यात बाहेर येते.

त्यानंतर ॲसिड. तुझा मित्र संडास धुण्याचं ॲसिड ओत म्हणाला, ते ओतू नकोस. त्यानं गंज झटक्यात जातो हे खरं, पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, चांगला पत्रा खायला लागतं. वाण्याकडून लिंबूसत्त्व आण, तेच आई ढोकळ्यात घालते ते. लिटरला 60 ते 80 ग्रॅम कोमट पाण्यात विरघळव आणि टाकी काठोकाठ भर. काठोकाठ यासाठी की वरचा भाग कोरडा राहिला तर गंज तिथंच राहतो. कॉक आधी काढून ठेव आणि भोकाला रबरी वायसर लावून बोल्ट मार. तोंडाचं झाकण घट्ट करू नकोस, आत गॅस तयार होतो. बाहेरच्या रंगावर ओघळ आला की डाग पडतो, म्हणून तोंडाभोवती ग्रीस फास. एक रात्र ठेव, सकाळी बघ, गरज वाटली तर ताजं पाणी करून आणखी एक रात्र.

घाई नसेल तर गुऱ्हाळावरून काकवी आण. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, आणि टाकी आठवडा-दोन आठवडे भरून ठेव. काकवीतले घटक गंजातलं लोह धरून ठेवतात आणि पत्र्याला जवळजवळ हात लावत नाहीत. ही रीत सगळ्यांत हळू आणि सगळ्यांत भली आहे. वास मात्र कुजक्या उसाचा येतो आणि मुंगळे लागतात, त्यामुळे आधी आईची परवानगी काढ.

बॅटरी चार्जर लावून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गंज काढण्याची विद्याही खरी आहे. पण त्यात हायड्रोजन निघतो आणि आत सोडलेली सळई टाकीला टेकली तर ठिणगी. तुझ्या हातात ती इतक्यात देणार नाही.

बहुतेकांचं काम पुढं फसतं. ॲसिड काढून टाकी पाण्यानं धुतली की आतला उघडा पत्रा काही मिनिटांत केशरी व्हायला लागतो. म्हणून आधी सगळी तयारी कर, मग ॲसिड ओतून काढ. स्वच्छ पाणी, लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, ते निथळलं की केस वाळवण्याचा ब्लोअर, आणि कोरडी झाल्याबरोबर थोडं टू-टी ऑईल पेट्रोलमध्ये मिसळून आत घाल आणि सगळीकडं फिरव. ब्लोअर लावताना टाकीला पेट्रोलचा वास बिलकूल नको. टू-स्ट्रोक गाडी असल्यानं उरलेलं ऑईल इंजिनलाही बाधत नाही.

बाजारात टाकीच्या आत फिरवायचं एपॉक्सी लायनर मिळतं. पत्रा धड असेल तर ते लावू नये, असं माझं ठाम मत आहे. तेलकट पत्र्यावर ते धरत नाही, वर्षा-दोन वर्षांत सोलतं आणि सालपटं कॉकमध्ये जातात. मग गंज परवडला म्हणायची वेळ येते.

गाळणी आणि कॉकचं रबर नवीन टाक. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या कारखान्यांतून जातं, त्याच्याशी भांडण नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोघं मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवायची असेल तर अर्धी टाकी ठेवू नकोस. एकतर भरून ठेव, नाहीतर पूर्ण रिकामी करून तेल फिरवून ठेव. झाकणाचं हवेचं भोकही साफ कर. ते बुजलं की गाडी तशीच दम टाकते आणि माणूस पुन्हा जेट उघडतो.

आता त्या डब्याचं. धुतलेलं पेट्रोली पाणी आणि गाळ ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतायचा नाही. आपल्या गावानं पाणी जमिनीत मुरवायला किती वर्षं घातली ते तुला माहीत आहे, जे मुरेल तेच विहिरीत येईल. गॅरेजातल्या जळक्या ऑईलच्या डब्यात तो गाळ टाक. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात सोडा घाल, फेस थांबला की ते पिकापासून आणि विहिरीपासून लांब टाक.

तळाला भोक निघालं तर ब्रेझिंग करावं लागेल. टाकी नीट धुतली आहे का हे न विचारता, लगेच बत्ती लावतो म्हणणारा वेल्डर भेटला, तर पैसे कमी घेत असला तरी टाकी उचलून परत ये आणि मला फोन कर. नगरला ओळखीचा माणूस आहे, तो पाणी भरून मगच काम करतो.

तुझा,
मामा