शब्द हरवतात, माणूस नाही

मेसमध्ये, लॅबमध्ये आपण दिवसभर बडबडत असतो (व्हायव्हात जरा कमी!). पण बोलणं ही मेंदूची केवढी करामत आहे, हे ते बंद पडल्यावरच कळतं.

१८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमध्ये पॉल ब्रोका या सर्जनकडे लेबोर्न्य नावाचा पेशंट आला. काहीही विचारा, उत्तर एकच : "तान, तान." फार चिडला की मात्र शिवी स्पष्ट यायची! इथे किती वर्षं आहेस, असं विचारल्यावर त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. ४ × ५ + १ = २१. उत्तर बरोबर होतं! म्हणजे डोकं शाबूत, फक्त शब्द गेलेले. काही दिवसांतच तो वारला. त्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, पुढच्या भागात बिघाड सापडला. तेच आजचं 'ब्रोका क्षेत्र'.

१८७४ साली कार्ल वेर्निके यांनी उलटा प्रकार मांडला. कानाच्या थोडं वर आणि मागे इजा झाली, तर माणूस धडाधड बोलतो, पण त्यातून अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्याला नीट समजत नाही. या सगळ्याला मराठीत वाचाघात म्हणतात.

पण मेंदू म्हणजे सुटे पार्ट नव्हेत. लेबोर्न्यचा जपून ठेवलेला मेंदू एमआरआयने तपासला (निष्कर्ष २००७ साली छापून आले), तेव्हा इजा खूप आतपर्यंत गेलेली दिसली. म्हणजे नुसता एक आयसी जळाला नव्हता, आतलं वायरिंगही तुटलं होतं.

आपल्या घरी आजोबांना अर्धांगाचा झटका आला, तर हेच होऊ शकतं. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही चालत असेल त्यालाच.

नंतर वाचा गेलीच, तर 'त्यांना काही कळत नाही' असं त्यांच्यासमोर बोलू नका. छोटी वाक्यं बोला, हो-नाहीचे प्रश्न विचारा, थांबा. मराठीत जमलं नाही तर त्यांना येणारी दुसरी भाषा वापरून बघा, कधीकधी एक भाषा आधी परत येते. आरती म्हणून बघा, बोलता न येणारे काहीजण गाऊ शकतात. स्पीच थेरपीने महिनोन्‌महिने सुधारणा होत राहते.

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की अशा माणसाजवळ दहा मिनिटं बसा. त्यांचं वाक्य आपण पूर्ण करू नका, त्यांना करू द्या.